मतदारसंघ पाठ असलेला माणूस

खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे एसटी थांबायची आणि एकच माणूस खाली उतरायचा. हातात छत्री, मग ऊन असो की नसो. खांद्याला कापडी पिशवी. तो पूल चालत ओलांडायचा आणि गाडी पलीकडच्या टोकाला त्याची वाट बघत उभी राहायची. नवा कंडक्टर असला तर कुरकुर करायचा. जुने मात्र आपणहून घंटी मारायचे आणि म्हणायचे, "उतरा मास्तर, तुमची हद्द आली." हरिहरेश्वरला निघालेल्या पाहुण्यांना वाटायचं, म्हाताऱ्याचा काही नवस असेल. नवसबिवस काही नव्हता. त्या पुलाच्या मधोमध आमचा विधानसभा मतदारसंघ संपत होता आणि दुसरा सुरू होत होता. मतदारानं आपली हद्द बसल्या जागी ओलांडू नये, पायानं ओलांडावी, असं आमच्या गुरुजींचं मत होतं.

मी एकदा विचारलं, "गुरुजी, याचा उपयोग काय?"

"घराचा उंबरठा तू रिक्षात बसून ओलांडतोस का?" ते म्हणाले, आणि विषय संपला.

माझं तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या समोर, टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदी, भावाभावांच्या तक्रारी, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं आहे. त्यामुळे माणसांविषयी माझं मत फारसं बरं राहिलेलं नाही. स्वतःविषयी तर मुळीच नाही. गुरुजींची आठवण आली की ते आणखी वाईट होतं, म्हणून ही आठवण मी एरवी काढत नाही.

ते मूळचे आमच्या सावरखारचे नव्हेत. तळा तालुक्याकडच्या डोंगरातले. ऐन तरुणपणी आमच्या प्राथमिक शाळेत नोकरीला आले आणि इथलेच झाले. बदलीचा हुकूम आला की स्वच्छ धोतर नेसून कुठेतरी जायचे आणि तो रद्द करून यायचे. निवृत्त झाल्यावरही देवळामागच्या एका खोलीत राहिले. लग्न केलं नाही. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. गावात त्यांना ना घर, ना जमीन, ना भाऊबंद. सावरखारचे म्हणून त्यांचं नाव एकाच ठिकाणी होतं, ते म्हणजे मतदार यादीत. नवी यादी लागली की गुरुजी सगळ्यात आधी शाळेच्या भिंतीशी जायचे, आपल्या नावावर बोट ठेवायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "आहे. अजून आहे."

आमच्या शाळेत पाढे झाले की गावं म्हणायची पद्धत होती. मतदारसंघातली सगळी गावं, समुद्रापासून डोंगरापर्यंत, ओळीनं, आणि आपलं सावरखार सगळ्यात शेवटी. मधलं एखादं गाव सुटलं की परत समुद्रापासून सुरुवात. मला ती सगळ्या शाळांची पद्धत वाटायची. हायस्कूलला गेल्यावर मी एकदा दुसऱ्या गावच्या पोराला म्हटलं, म्हण बघू गावं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

मे महिन्याच्या सुट्टीत गुरुजी चालायला निघायचे. मतदारसंघाच्या कडेकडेनं, हद्द नेहमी डाव्या हाताला ठेवून. रात्री देवळाच्या ओसरीवर नाहीतर मशिदीच्या पायरीशी पथारी टाकायची, सकाळी गावातल्या म्हाताऱ्यांना गाठायचं आणि वहीत लिहायचं. विहीर कुणी खणली, रस्ता कधी आला, मतं पडायची ती कुठल्या झाडाखाली, कुठला उमेदवार होडीतून आला होता आणि कुठला आलाच नव्हता. एका मोहल्ल्यात त्यांना 'हद्दवाले गुरुजी' म्हणत. तिथला म्हातारा इमाम त्यांच्यासाठी दरवर्षी कैरीचं लोणचं काढून ठेवायचा. गुरुजी त्याला म्हणायचे, "आपण दोघं एकाच मतदारसंघातले, म्हणजे नातेवाईकच की." ते हे थट्टेनं म्हणत नसत.

'आमदार' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. कायम 'प्रतिनिधी'. माझ्या दुकानात कुणी 'आमदारसाहेबांना निवेदन' असं टाइप करायला सांगितलं आणि गुरुजी तिथं बसलेले असले, तर मला गिऱ्हाइकाची कीव यायची इतका वेळ ते त्याच्याशी वाद घालायचे. "साहेब कशाला? त्याला आपण पाठवलाय. आपण तिथं जाऊ शकत न्हाय, म्हणून तो जातो. आपल्या जागी." गिऱ्हाईक कंटाळून 'प्रतिनिधी' लिहायला तयार व्हायचं. गुरुजी गेल्यावर मी ते पुसून पुन्हा 'आमदारसाहेब' करून द्यायचो.

मतदारसंघाचा इतिहास सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. माझ्याकडचे फुकट गेलेले कागद घेऊन पाठकोऱ्या बाजूवर ते रेघा ओढायचे. पहिल्यांदा आपण खाडीच्या दोन्ही काठांसह एक होतो. मग फेररचना झाली आणि खाडी मधोमध कापली गेली. मग आपल्याला वरच्या तालुक्याला जोडलं. मग तिथूनही तोडलं आणि तिसऱ्याच्याच पदरात टाकलं. "नकाशावर रेघ ओढणाऱ्याला खाडी म्हणजे पाणी दिसतं," ते म्हणायचे. "आपल्याला ती रस्ता हाय. पलीकडं आपल्या लेकी दिल्यात. हे त्याला सांगायचं कुणी? ज्यानं सांगायचं त्याला गावच म्हाईत न्हाय." आमच्या टोकाचा प्रतिनिधी आजवर एकदाही झाला नव्हता. सगळे वरच्या अंगाचे. आमचं गाव रस्त्याच्या शेवटाला, यादीतही शेवटाला, आणि प्रचाराची गाडी यायची तीही शेवटच्या दिवशी, घाईत.

त्या घाईतल्या उमेदवाराला गुरुजी गाठायचे. देवळापुढच्या मांडवात भाषण संपलं की हे उठून उभे. "तुम्ही आमचे प्रतिनिधी होऊ म्हणता. बरं. आमची गावं म्हणा."

काय एकेक नमुने बघितले आम्ही! एक जण म्हणाला, "गुरुजी, गावं माझ्या अंतःकरणात आहेत." गुरुजी म्हणाले, "बाहेर काढा मग." दुसरा दहा-अकरा नावांपर्यंत आला, अडला आणि ड्रायव्हरकडे बघायला लागला. ड्रायव्हरनं पुढची चार धडाधड सांगितली. गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "याला उभा करा." मांडव हसून हसून लोळला. तिसऱ्यानं त्यांच्या पाया पडून वेळ मारून नेली. गुरुजींनी सगळ्यांदेखत प्रत्येकाचा निकाल सांगितला: नापास.

आम्हाला तो तमाशा वाटायचा. मत कुणाला द्यायचं ते त्या मांडवात ठरतच नव्हतं. आमच्याकडे मत गावकी ठरवते. गावकी म्हणजे घरटी एक माणूस, देवळात बसलेला. आणि गावकीला सांगतं मुंबईचं मंडळ, म्हणजे आमचीच पोटापाण्याला मुंबईत गेलेली माणसं. मंडळाचा फोन आला की देवापुढे नारळ ठेवायचा, आणि एकदा नारळ ठेवला की फाटाफूट नाही. गुरुजींना गावकीत जागा नव्हती. बैठक असली की ते बाहेर पारावर बसून राहायचे. आतून माणसं बाहेर पडली की कुणाला काही विचारायचे नाहीत, तोंडं बघूनच ओळखायचे.

एकच उमेदवार पास झाला. तो त्यांचाच विद्यार्थी, आमच्याच काठावरच्या एका गावचा. चार वर्षं आमच्या गावी मावशीकडे राहून शिकला होता, माझ्या दोन इयत्ता पुढे. मांडवात तो उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले आणि समुद्रापासून सुरुवात केली. एका दमात डोंगरापर्यंत पोचला. एक गाव सुटलं नाही, क्रम चुकला नाही. सगळ्यात शेवटी त्यानं सावरखार घेतलं, आमच्या रस्त्याच्या टोकाचं, आणि डोळे उघडले. बायका रडल्या. मी गुरुजींच्या शेजारी होतो. माझा हात धरून म्हणाले, "आला रे. आपला आला."

त्या निवडणुकीत गुरुजी पहिल्यांदाच प्रचाराला गेले. छत्री घेऊन, पायी, गावोगाव. मोहल्ल्यातल्या इमामानं म्हणे विचारलं, याची हमी काय? गुरुजी म्हणाले, "त्याला सगळी गावं पाठ हायत." एवढी एकच हमी त्यांनी सगळीकडे दिली. तो निवडून आला. पुढच्या वेळी परत आला.

मग ते मोठं चक्रीवादळ झालं. दिवेआगरच्या वाड्या ज्यात झोपल्या, तेच. आमच्याकडे शाळेचं छप्पर गेलं, माझ्या भावाचं घर गेलं, पण त्याहून वाईट म्हणजे खाजणाचा बांध फुटला. खाजण म्हणजे खाडीकाठची भातजमीन. मातीच्या बांधानं खारं पाणी अडवायचं, तेव्हा आत भात पिकतं. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की घरटी एक माणूस मातीची टोपली घेऊन जायचा, हा आमचा आजापणज्यापासूनचा रिवाज. ज्या घरचं माणूस बांधावर येतं, त्या घराचा खाजणात वाटा. कागदावर यातलं काही नाही. कागदावर कुठल्या जमान्यात मेलेले चार म्हातारे आहेत, आणि त्यांचे वारस कोण, किती, कुठे, हे फक्त गावाच्या तोंडी. गुरुजींचा वाटा नव्हता, तरी खांड पडली की टोपली घेऊन सगळ्यांच्या आधी तेच पोचायचे.

या वेळची खांड टोपल्यांनी बुजणारी नव्हती. टोपली उचलायला माणसंही नव्हती. घरटी एक म्हटलं तरी निम्म्या घरांना कुलूप. सरकारनं बांधायला हवा होता. कचेरीत विचारलं तर म्हणाले, जमीन कुणाची ते आधी ठरवा, मेलेल्या माणसांना बांध कसा बांधून द्यायचा? तिकडे भरतीचं पाणी रोज दोनदा शेतात येत होतं. दोन-चार वर्षं असंच गेलं तर जमीन मीठ धरते आणि मग काही उगवत नाही.

गुरुजींनी ते काम अंगावर घेतलं. वाकलेल्या पाठीनं मुंबईला गेले, चाळीचाळी फिरले. कुठल्या म्हाताऱ्याचे वारस कोण, कुठे राहतात, कोण बांधावर यायचं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला पोरं नाहीत, कोण अडचणीत आहे, सगळं वहीत उतरवलं. मग पाऊसकाळभर ते रोज माझ्या दुकानात येऊन बसले. ते वाचायचे, मी टाइप करायचो. नावं अ-आ-इ-ई प्रमाणे नव्हती. देवळापासून खाडीपर्यंत घरं जशी उभी आहेत, त्या क्रमानं होती. कुटुंबाला गावात ज्या नावानं हाक मारतात तेही कंसात घातलेलं: वरच्या आळीचे पानवाले, चिंचेखालचे, बोडकीचे.

मी म्हटलं, "गुरुजी, एवढं सगळं कशाला लिहायचं? त्याला फक्त नावं हवीत."

"त्याला गावं पाठ हायत," गुरुजी म्हणाले. "आता माणसं पाठ होऊ देत. माणूस आपल्या जागी जातो तर त्याला आपलं सगळं ठाऊक नको?"

बाड तयार झालं तेव्हा त्यांनी ते स्वतः मुंबईला नेऊन प्रतिनिधीच्या हातात दिलं. मागणी दोनच ओळींची होती: बांध बांधून द्यावा आणि कसणाऱ्यांची नावं सातबाऱ्यावर चढवावी. प्रतिनिधीनं बाड कपाळाला लावलं म्हणे. परत येताना गुरुजी पुलावर उतरले आणि त्या दिवशी बराच वेळ कठड्याशी उभे राहिले. कंडक्टर शेवटी त्यांना आणायला चालत गेला.

वर्ष गेलं. बांधाला कुणी हात लावला नाही. एका दुपारी माझ्या आत्याचा फोन आला. ती मुंबईला डोंगराखालच्या एका चाळीत राहते, गाव सोडून तिला जन्म लोटला.

"अरे, दोन माणसं आली होती, खाजण विकायच्या सहीला. चांगली होती बोलायला. मला म्हणतात कशी, तुम्ही बोडकीचे ना? तुमचं आणि थोरल्या जावेचं बोलणं न्हाय ना, म्हणून वेगवेगळं भेटतो. ह्यांना रं कोणी सांगितलं?"

आत्याचं नि जावेचं बोलणं नाही, हे मी माझ्या बोटांनी टाइप केलं होतं.

गुरुजींना सांगायचं टाळत होतो, पण दोन दिवसांत आणखी चार घरांतून तेच आलं आणि ते त्यांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानाच्या पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "चल."

प्रतिनिधीच्या कार्यालयात गर्दी होती, तरी आम्हाला लगेच आत घेतलं. तो उठून आला, गुरुजींच्या पाया पडला, चहा मागवला. गुरुजींनी चहाला हात लावला नाही.

"मी दिलेलं बाड कुठं हाय?"

"आहे ना गुरुजी. अभ्यास चाललाय त्याच्यावर."

"दाखव."

मदतनीसानं कपाटं उघडली, फायली हलवल्या, फोन केले. बाड सापडलं नाही. प्रतिनिधी म्हणाला, कुठल्यातरी खात्याकडे गेलं असेल. ते जमीन घेणाऱ्यांना त्यानं दिलं की त्याच्या माणसांनी, की कुणी चोरलं, मला आजही ठाऊक नाही. पुरावा माझ्याकडे नाही, आणि असता तरी मी काय केलं असतं?

"बांध होणार का?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, खरं सांगू? बांध बांधून भात लावायचं कुणी? पोरं मुंबईत. जमीन मीठ धरत चाललीय. गिऱ्हाईक आलंय, लोकच आपणहून सह्या करतायत. मी आडवा कसा जाऊ? तुम्हीच शिकवलंत, प्रतिनिधीनं लोकांच्या मनाविरुद्ध जाऊ नये."

गुरुजी उठले. दारापाशी पोचले तसा तो मागून प्रेमानं म्हणाला, "गुरुजी, रागावून जाऊ नका. अजून सगळी गावं पाठ आहेत मला." आणि त्यानं सुरुवात केली. समुद्रापासून.

विद्यार्थी म्हणत असताना गुरुजी कधी मध्ये तोडत नसत. ते दारात मान खाली घालून उभे राहिले. कार्यालयातली गर्दी कौतुकानं ऐकत होती, एकानं मोबाइल धरला. गाव, गाव, गाव, आणि शेवटी आमचं सावरखार. एकही चुकलं नाही. गुरुजी म्हणाले, "बरोबर हाय," आणि बाहेर पडले.

रस्त्यात ते थांबले. इतकं थकलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

"मी प्रश्नच चुकीचा विचारला रे," ते म्हणाले. "जन्मभर."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो असतो ते खरं नसतं.

पुढचं भराभर झालं. मंडळानं मुंबईत बैठक घेतली आणि ठरवलं की सगळ्यांनी मिळून द्यायचं. एकट्यादुकट्यानं दिलं तर मार खाल, एकी ठेवा. इकडे गावकी बसली. गुरुजी त्या दिवशी बाहेर पारावर बसले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ते आत आले आणि दाराशी उभे राहून बोलले. एक वर्ष थांबा म्हणाले. मी पुन्हा अर्ज करतो, वर जातो, उपोषणाला बसतो. म्हातारपणी त्यांचा आवाज बारीक झाला होता, मागच्यांना ऐकूही गेला नसेल.

कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तुमचं काय जातंय त्यात? तुमचा वाटा हाय का?"

ते म्हणणारा वाईट माणूस नव्हता. त्याला त्यांनीच शिकवलेलं. पण कुणी त्याला गप्प केलं नाही. मीही नाही. गुरुजींनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि चपला घालून निघून गेले. नारळ ठेवला गेला. एकदा नारळ ठेवल्यावर एकट्यानं नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही, असं मी तेव्हापासून ज्याला त्याला सांगतो. खरं म्हणजे मला नाही म्हणायचंच नव्हतं. तीन वर्षं माझ्या वाट्यात खारं पाणी उभं होतं आणि मी त्या पाण्याला कंटाळलो होतो.

खरेदीच्या कागदाचा मसुदा टाइप करायला आला तो माझ्याच दुकानात. तहसीलसमोर मीच, दुसरीकडे जाणार कुठे? सह्यांची पानं होऊन पडली होती, मी पंच मारत होतो, आणि गुरुजी आले. कशासाठी आले होते कोण जाणे. त्यांनी टेबलावरचं वरचं पान उचललं आणि चष्मा नाकावर घेतला. मी थांबवू शकलो असतो. त्यांनी पहिल्या नावापासून वाचायला सुरुवात केली. देवळाजवळचं घर, त्याच्या शेजारचं, त्याच्या शेजारचं.

"क्रम माझाच हाय," ते म्हणाले.

वाचत वाचत ते खाडीकडे उतरत गेले. आमचं घर खालच्या अंगाला, म्हणजे शेवटच्या पानावर. तिथं माझं नाव आणि पुढं माझी सही. तिथं त्यांचं बोट थांबलं. यादीत स्वतःच्या नावावर ठेवायचे तसंच ठेवलं होतं. मग त्यांनी पानं नीट जुळवून, कोपरे सारखे करून, होती तिथं ठेवली. मला वाटलं, आता बोलतील. शिव्या देतील तर बरं, असंही वाटलं. ते पाणी पिऊन निघून गेले.

खाजणाला आता पत्र्याचं कुंपण आहे. आत काय होणार ते आम्हाला माहीत नाही. खाडीकडे जायचं तर वळसा घालून जावं लागतं. बायका तिवरांच्या झाडीत शिंपल्या वेचायला जायच्या, त्यांना पहारेकरी हटकतो. तो कुठल्यातरी दूरच्या जिल्ह्यातला आहे, आणि त्याला आमच्या गावाचं नावही नीट घेता येत नाही.

त्यानंतरच्या निवडणुकीच्या आधी, याद्या दुरुस्त होत होत्या तेव्हाची गोष्ट. गुरुजी दुकानात आले, स्टुलावर बसले. "सात नंबरचा फॉर्म भर," म्हणाले. सात नंबरचा फॉर्म म्हणजे यादीतून नाव कमी करण्याचा. मी दरसाल शेकड्यांनी भरतो. मेलेल्या आयांचे, लग्न होऊन गेलेल्या मुलींचे.

"कुणाचा, गुरुजी?"

"माझा."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग मी समजावलं, असं करता येत नाही, कारण लिहावं लागतं. माणूस वारलेला असावा लागतो, नाहीतर कायमचा दुसरीकडे गेलेला.

"गेला म्हणून लिही."

"कुठं गेला लिहू?"

त्यांनी समोरच्या कचेरीकडे बघितलं. "मला कुणाला पाठवायचं न्हाय आता," म्हणाले. "माझ्या जागी कोणी जायला नको. एवढंच लिही ना कुठंतरी." फॉर्ममध्ये तशी जागा नसते. मी वाद घातला नाही. 'कायमचे स्थलांतर' वर खूण केली आणि फॉर्म पुढे पाठवून दिला. हे माझ्या हातून त्यांच्यासाठी झालेलं एकमेव काम, तेही खोटं.

पंधरा दिवसांनी अंगणवाडीच्या बाई चौकशीला आल्या. आमच्याकडे यादीचं काम त्यांच्याकडे असतं. मी त्या दिवशी गावात होतो, तर मलाही बोलावून घेतलं. गुरुजी खोलीत खाटेवर बसले होते, भिंतीला टेकून. खूप वाळले होते. बाई दारातच म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही तर हितंच हाय की! मी कागदावर गेले म्हणून कशी लिहू?"

"लिहा. चालतं."

"न्हाय चालत. माझी नोकरी जाईल." त्या बिचाऱ्या कासावीस झाल्या होत्या. त्यांनाही गुरुजींनीच शिकवलेलं. त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून भराभर लिहिलं: सदर मतदार हयात असून याच गावचे कायमचे रहिवासी आहेत, सबब नाव कमी करता येत नाही. मग माझ्याकडे वळल्या. "साक्षीदार लागतो. गावातलाच हवा. तुम्ही ओळखता ना यांना? करा बघू सही."

मी गुरुजींकडे बघितलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली असती तर मी केली नसती, असं मी स्वतःला सांगत असतो. ते नुसते बघत होते. मी पेन घेतलं आणि सही केली. ते याच गावचे आहेत, याच मतदारसंघातले आहेत, आणि मरेपर्यंत कुणीतरी त्यांच्या जागी जाणार आहे, यावर.

गुरुजींनी हात पुढे केला. बाईंनी कागद त्यांना दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, वरचा मजकूर वाचलाच नाही, खाली माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि शाळेत पाटी तपासताना बोलायचे त्याच आवाजात म्हणाले,

"सही छान येते रे तुला आता."